ब्रायटन : मासेमारांच्या वस्तीपासून सागरनगरीपर्यंत



इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, ब्रायटन नावाचे शहर आहे. रेल्वे स्थानकातून उतारावरून समुद्राकडे निघालेला प्रवासी थोडा डावीकडे वळला की त्याच्यासमोर एकाएकी घुमट, मिनार, जाळीदार सज्जे आणि कमानी उभ्या राहतात. क्षणभर त्याला आपण आग्रा-दिल्लीकडील एखाद्या वास्तूपुढे उभे आहोत असा भास होतो. ती वास्तू म्हणजे इंग्लंडच्या एका राजाचे विलासमंदिर. आणि याच वास्तूत, इ. स. १९१४ च्या डिसेंबरात, फ्रान्समधील रणभूमीवर जायबंदी झालेले भारतीय शिपाई स्ट्रेचरवरून आणले गेले. त्यांच्यापैकी जे परत गेले नाहीत त्यांतील हिंदू व शिखांचे दहन या शहरामागील टेकडीवर झाले. एवढ्या एका कारणासाठी तरी या नगरीचा इतिहास भारतीय माणसाने मुळापासून समजून घ्यावा असा आहे.

या परिसरातील मानवी वस्ती फार जुनी आहे. शहराच्या पूर्वेकडील व्हाइटहॉक टेकडीवर नवाश्मयुगीन माणसाने खणलेल्या वर्तुळाकार चरांचे अवशेष असून ते साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शेजारच्या होव्ह गावी १८५६ साली एक प्राचीन थडगे खणले असता त्यात अंबर या पिवळसर खनिज राळेचा एकसंध कोरलेला प्याला मिळाला. तो ब्राँझयुगातील आहे. ज्या गावाला पुढे ब्रायटन हे नाव मिळाले ते मात्र सॅक्सन लोकांनी वसविलेले. बेऑर्थेल्म नावाच्या कोणा माणसाची वाडी, असा त्या नावाचा अर्थ. त्याचेच कालांतराने ब्राइटहेल्मस्टन व शेवटी ब्रायटन झाले. इ. स. १०८६ मध्ये विजेत्या नॉर्मन राजाने साऱ्या देशाची जी महसुली मोजदाद करविली, तीत या गावाची नोंद आहे. तेथील एका जहागिरीचा सारा किती, तर चार हजार हेरिंग मासे! ज्या गावाचा महसूलच माशांत मोजला जात होता त्याचा धंदा कोणता हे वेगळे सांगावयास नको.

पुढील पाचशे वर्षे गाव मासेमारीवरच जगले. गावाचे दोन भाग होते : समुद्राच्या अगदी कडेला, कड्याच्या पायथ्याशी असलेला खालचा गाव आणि कड्यावरचा वरचा गाव. १५१४ मध्ये फ्रेंच आरमाराने छापा घालून गाव जाळले. टेकडीवरचे सेंट निकोलस चर्च तेवढे दूर असल्याने वाचले. गाव पुन्हा उभे राहिले. १५८० मधील नोंदीनुसार गावात ८० मासेमार होड्या, ४०० दर्यावर्दी आणि १० हजार जाळी होती. त्या काळाच्या मानाने ही भरभराटच म्हणावयाची. याच किनाऱ्यावर १६५१ च्या ऑक्टोबरात पराभूत राजा दुसरा चार्ल्स लपतछपत आला. निकोलस टेटर्सेल नावाच्या नावाड्याने शेजारच्या शोरहॅमहून आपल्या कोळसावाहू गलबतातून त्याला फ्रान्सला पोहोचविले. राज्य परत मिळाल्यावर त्याच नावाड्याने आपले गलबत थेट लंडनच्या थेम्स नदीत आणून उभे केले आणि राजाला उपकाराची आठवण दिली. त्याला वर्षासन मिळाले. उपकाराची फेड मागूनच घ्यावी लागते, हे त्या व्यवहारी माणसाला ठाऊक असावे.

मात्र गावाचा खरा शत्रू फ्रेंच नव्हे, समुद्र होता. किनारा दरवर्षी खचत होता. १७०३ व १७०५ या दोन वर्षांच्या भीषण वादळांनी खालचा गाव नामशेष केला. उरलीसुरली घरे वाळू-गोट्यांच्या ढिगाऱ्याखाली गेली. मासळीचा बाजार मंदावला, तरुण माणसे गाव सोडू लागली, घरांच्या किमती कोसळल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रायटन हे मरणपंथाला लागलेले गाव होते.

आणि नेमके ज्या समुद्राने गाव बुडविले त्याच समुद्राने ते तारले. शेजारच्या ल्यूइस गावी रिचर्ड रसेल नावाचे एक डॉक्टर होते. ग्रंथिरोगांवर समुद्राचे पाणी गुणकारी असते असा प्रबंध त्यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला. पाण्यात केवळ स्नान करावयाचे नव्हे, तर ते प्यावयाचेही, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या वैद्यकशास्त्राला त्यातील फारसे काही मान्य होणार नाही. परंतु त्या काळी श्रीमंत रुग्णांची रीघ लागली. १७५३ मध्ये डॉक्टरांनी ब्रायटनला स्टीन नावाच्या मोकळ्या मैदानाच्या टोकाशी स्वतःचे मोठे घर बांधले. जमीन स्वस्तच होती. १७५९ मध्ये ते वारले, तोपर्यंत गावाचे भवितव्य पालटले होते.

या पालटाचा एक पैलू सहसा सांगितला जात नाही. स्टीनचे मैदान म्हणजे कोळ्यांची जाळी वाळविण्याची व होड्या ओढून ठेवण्याची पिढीजात जागा. पाहुणे येऊ लागले तसे तेथे संध्याकाळी फिरावयाचे, वाद्यवृंद ऐकावयाचा प्रघात पडला. रेशमी झग्यांचे घोळ जाळ्यांत अडकतात अशा तक्रारी झाल्या. मैदान सपाट केले गेले, कुंपण पडले आणि कोळी हळूहळू किनाऱ्याकडे रेटले गेले. आपल्याकडील किनाऱ्यांवरही हे चित्र अनोळखी नाही. काही कोळी कुटुंबांनी मात्र नव्या धंद्यात आपली जागा शोधली. स्नानासाठी येणाऱ्या स्त्रियांना चाकांच्या लाकडी खोलीतून पाण्यात नेऊन बुचकळ्या मारविणाऱ्या बायका असत. त्यांच्यातील मार्था गन ही धिप्पाड बाई इतकी प्रसिद्ध झाली की युवराजाच्या मुदपाकखान्यात तिला मुक्त प्रवेश होता म्हणतात. १८१५ मध्ये ती वारली. सेंट निकोलस चर्चच्या आवारात तिचे थडगे आहे.

हा युवराज म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज. तो १७८३ मध्ये प्रथम ब्रायटनला आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. उधळ्या, कलासक्त, बापाच्या धाकाला कंटाळलेला. मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी त्याने १७८५ मध्ये गुप्तपणे विवाह केला. कायद्याने तो अवैध होता. लंडनच्या नजरेपासून दूर राहण्यास ब्रायटन सोयीचे होते. १७८७ मध्ये हेन्री हॉलंड या वास्तुविशारदाने त्याच्यासाठी साधासा सागरमहाल बांधला. त्यानंतर विल्यम पॉर्डनने १८०३ ते १८०८ या काळात घोड्यांसाठी प्रचंड घुमटाची पागा उभारली. साठेक घोड्यांच्या त्या पागेपुढे धन्याचे घर केविलवाणे दिसू लागले! अखेर १८१५ पासून जॉन नॅशने मूळ महालावर ओतीव लोखंडाचा सांगाडा चढवून त्यावर घुमट व मिनार रचले. नॅशने भारत पाहिलेला नव्हता. थॉमस व विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी भारतभर फिरून काढलेल्या चित्रांचा त्याने आधार घेतला. बाहेरून हिंदुस्थान आणि आतून चीन, अशी ही अजब वास्तू १८२२-२३ च्या सुमारास पूर्ण झाली. तिला सौंदर्य म्हणावे की हौस, यावर तेव्हाही मतभेद होते.

युवराजामागोमाग सरदार आले, सरदारांमागोमाग त्यांचे शिंपी, हलवाई, सावकार आले. १८०१ मध्ये गावाची वस्ती सात हजारांच्या घरात होती; १८५१ मध्ये ती ६५ हजारांवर गेली. समुद्रासमोर पांढऱ्या गिलाव्याच्या, वळणदार सज्जांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. थॉमस रीड केम्प या जमीनदाराने १८२३ पासून पूर्वेस आपल्या नावाची एक संपूर्ण वसाहत उभारावयास घेतली. कर्जाच्या ओझ्याखाली १८३७ मध्ये त्याला देश सोडावा लागला. इमारती आजही दिमाखात उभ्या आहेत.

या भरभराटीच्या काळात ब्रायटनला एक भारतीय माणूस येऊन पोहोचला. शेख दीन मुहम्मद, इंग्रजी लेखनात साके डीन महोमेद, हे १७५९ मध्ये पाटण्यास जन्मले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर ते लहानपणापासून राहिले आणि कॅप्टन बेकर या अधिकाऱ्याबरोबर १७८४ मध्ये आयर्लंडला गेले. तेथे त्यांनी एका आयरिश मुलीशी विवाह केला आणि १७९४ मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रकाशित केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. १८१० मध्ये लंडनला त्यांनी हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले. ते दोन वर्षांत दिवाळ्यात गेले. पन्नाशी उलटलेली, पदरी मुलेबाळे. अशा अवस्थेत १८१४ मध्ये ते ब्रायटनला आले व वनस्पतियुक्त बाष्पस्नान आणि मालिश यांचा व्यवसाय सुरू केला. रुग्णाला फ्लॅनेलच्या तंबूत वाफेत बसवावयाचे आणि तंबूच्या बाह्यांतून हात घालून मालिश करावयाचे, अशी ती पद्धत. आपल्या 'चंपी' या शब्दाचे जे मूळ, तेच इंग्रजी 'शाम्पू' या शब्दाचेही. त्या काळी त्याचा अर्थ केस धुणे नव्हे, अंग रगडणे असा होता. १८२१ मध्ये समुद्रासमोर त्यांचे भव्य स्नानगृह उघडले. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या कुबड्या तेथे भिंतीवर टांगलेल्या असत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांचे ते मालिशतज्ज्ञ होते. उतारवयात भागीदार निवर्तला, इमारत लिलावात निघाली. ती घेण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. १८५१ मध्ये ते वारले. थडग्यावर वय एकशे एक वर्षे कोरले आहे. वैद्यकीय अनुभव अधिक वर्षांचा वाटावा म्हणून त्यांनी हयातीतच आपले वय दहा वर्षांनी वाढवून सांगितले होते! मार्था गन आणि ते, दोघांचीही चिरविश्रांती एकाच आवारात आहे.

२१ सप्टेंबर १८४१ रोजी लंडन-ब्रायटन रेल्वे सुरू झाली. घोडागाडीचा पाच-सहा तासांचा प्रवास दोन तासांवर आला. कारकून, दुकानदार, गिरणीकामगार सुट्टीच्या दिवशी समुद्र पाहावयास येऊ लागले. राणी व्हिक्टोरियाला हे रुचले नाही. ती पायी निघाली की गर्दी मागे लागे. १८४५ नंतर ती या महालात राहावयास आली नाही. आतील सामानसुमान लंडनला हलविले गेले आणि रिकामा महाल पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा गावकऱ्यांनी मतदान घेऊन, थोड्याशाच मताधिक्याने का होईना, तो विकत घेण्याचे ठरविले. १८५० मध्ये ५३ हजार पौंड मोजून राजवाडा नगराच्या मालकीचा झाला. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

उरलेले शतक धक्क्यांचे आणि नवलाईचे. १८२३ चा साखळीचा धक्का १८९६ च्या डिसेंबरातील वादळात वाहून गेला. १८६६ मध्ये पश्चिम धक्का आणि १८९९ मध्ये पॅलेस धक्का उघडला. १८८३ मध्ये मॅग्नस व्होल्क या स्थानिक अभियंत्याने किनाऱ्यालगत विजेवर चालणारी छोटी रेल्वे सुरू केली. अजूनही चालू असलेली ती जगातील सर्वांत जुनी विद्युत रेल्वे होय.

१९१४ च्या शरद ऋतूत भारतीय सैन्याच्या लाहोर व मेरठ या दोन डिव्हिजन फ्रान्सच्या आघाडीवर उतरल्या. त्यांत पुण्याजवळील खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्याही होत्या. २८ ऑक्टोबर रोजी न्यूव्ह शापेल गावच्या हल्ल्यात त्यांची भयंकर हानी झाली. जखमींसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर इस्पितळे हवी होती. ब्रायटनने आपला महाल, घुमटाची पागा, एक शाळा आणि टेकडीवरील अनाथगृहाची प्रचंड इमारत दिली. त्या अनाथगृहातील शेकडो गरिबांना त्यासाठी अन्यत्र हलविले गेले. त्यांच्या त्यागाची कोठे पाटी नाही. पुढील वर्षभरात शहरातील या इस्पितळांतून सुमारे १२ हजार भारतीय शिपायांवर उपचार झाले.

व्यवस्था थक्क करणारी होती. महालाच्या आवारात नऊ स्वतंत्र मुदपाकखाने उघडले गेले : मुसलमानांसाठी वेगळे, मांसाहारी हिंदूंसाठी वेगळे, शाकाहारींसाठी वेगळे. स्वयंपाकी त्या त्या धर्माचे व जातीचे. हिंदू व मुसलमान यांच्यासाठी पिण्याच्या पाण्याचे नळ निराळे आणि सूचनांच्या पाट्या उर्दू, हिंदी व गुरुमुखीत. शिखांच्या प्रार्थनेसाठी हिरवळीवर तंबू, मुसलमानांसाठी नमाजाची जागा. झुंबरांच्या व सोनेरी नागांच्या दालनांत लोखंडी खाटा मांडल्या गेल्या. २५ ऑगस्ट १९१५ रोजी राजा पाचव्या जॉर्जने याच हिरवळीवर जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस बहाल केला. आजारी शिपायाला त्याच्या आचाराविरुद्ध घास घ्यावा लागू नये, ही काळजी परक्या भूमीवर, युद्धाच्या धामधुमीत घेतली गेली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. १८५७ च्या स्मृती राज्यकर्त्यांच्या मनात ताज्या होत्या, आणि भारतीय शिपायाच्या निष्ठेची त्यांना नितांत गरज होती. सम्राटाने शिपायांसाठी स्वतःचा राजवाडा रिकामा करून दिला, अशी समजूत भारतभर रुजावी म्हणून प्रयत्न झाले. महालाची सचित्र पुस्तिका इंग्रजी, उर्दू व गुरुमुखीत छापली गेली. वस्तुतः तो वाडा पासष्ट वर्षांपूर्वीच नगरवासीयांनी विकत घेतलेला होता! शिवाय शिपायांना शहरात मोकळे फिरण्याची मुभा नव्हती. १९१५ मध्ये गोऱ्या परिचारिकांनाही त्यांच्या शुश्रूषेतून दूर केले गेले. टेकडीवरच्या किचनर इस्पितळात तर भिंतीवर काटेरी तारा आणि दारावर पहारा होता. तेथील प्रमुख कर्नल सेटन यांच्यावर, या बंदिवासाला विटलेल्या एका भारतीय सहायक वैद्याने गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. शिपायांची पत्रे सरकारी तपासनीस वाचत असत. त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये सुरक्षित आहेत. मूळ पत्रे बहुतेक उर्दू, गुरुमुखी व हिंदीत, आणि काही मराठीतही. एकाच इस्पितळाला कोणी स्वर्ग म्हणतो, कोणी कैदखाना. दोन्ही खरेच असावे. खाट एकाला महालात मिळाली, दुसऱ्याला तारांच्या आत.

जे वाचले नाहीत त्यांच्यापैकी मुसलमान शिपायांचे दफन वोकिंग येथील मशिदीजवळच्या भूमीत झाले. हिंदू व शीख मिळून ५३ जणांचे दहन ब्रायटनच्या मागे पॅचम गावच्या टेकडीवर, खास बांधलेल्या ओट्यांवर झाले. गंगा दूर होती. रक्षा इंग्लिश खाडीच्या पाण्यात सोडली गेली.

१९१६ च्या प्रारंभी भारतीय इस्पितळ बंद झाले. दहनस्थळी संगमरवरी छत्री उभारण्याचे ठरले आणि तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने केला. आठ खांबांवरील घुमट, आणि पायाशी त्या जुन्या ओट्यांवर तीन ग्रॅनाइटच्या शिळा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते छत्रीचे अनावरण झाले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला, भारतातील संस्थानिक व जनतेच्या देणगीतून महालाच्या दक्षिण बाजूस उभारलेल्या वेशीचे उद्घाटन पतियाळाच्या महाराजांनी केले.

पुढील शतकाची हकीगत थोडक्यात आटोपता येते. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सुरुंग पेरले गेले, शत्रूला उतरता येऊ नये म्हणून दोन्ही धक्के मध्येच तोडले गेले, बाँबवर्षावात माणसे मेली. सैनिकी सरावात टेकडीवरच्या छत्रीवरही गोळ्यांच्या खुणा उमटल्या. युद्धानंतर विमानप्रवास स्वस्त झाला, इंग्रज सुट्टीसाठी स्पेनकडे वळला, आणि ब्रायटनला दुसऱ्यांदा स्वतःचे पोट भरण्याचा मार्ग शोधावा लागला. १९६१ मध्ये ससेक्स विद्यापीठ आले. भाषाशिक्षणाच्या शाळा निघाल्या. परिषदा भरू लागल्या. अशाच एका पक्षपरिषदेच्या वेळी, १२ ऑक्टोबर १९८४ रोजी, ग्रँड हॉटेलात बाँबस्फोट होऊन पाच जण मरण पावले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर बचावल्या. १९९७ मध्ये ब्रायटन व होव्ह यांचे एकत्र प्रशासन झाले आणि २००० साली त्यांना 'सिटी' हा दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ७७ हजार भरली.

पश्चिम धक्का १९७५ मध्ये बंद पडला आणि २००३ मध्ये दोनदा आगीत सापडला. त्याचा गंजलेला सांगाडा आजही पाण्यात उभा दिसतो. त्याच्यासमोर २०१६ मध्ये १६२ मीटर उंचीचा निरीक्षण-मनोरा उभारण्यात आला. अपेक्षेइतके प्रेक्षक आले नाहीत, २०२४ अखेर चालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कर्जाचा बोजा नगरपरिषदेवर पडला. डॉक्टर रसेल यांच्या घराच्या जागी असलेले रॉयल अल्बियन हॉटेल जुलै २०२३ मध्ये आगीत होरपळले. केम्पपासून आजतागायत या किनाऱ्यावर पैसा घालणाऱ्यांचे नशीब भरती-ओहोटीसारखे राहिले आहे.

छत्रीकडे काही काळ दुर्लक्षच झाले होते. १९५१ पासून ब्रिटिश माजी सैनिकांच्या संघटनेने तेथे दरवर्षी अभिवादन सुरू केले. १९९९ नंतर ती धुरा स्थानिक भारतीय व इंग्रज रहिवाशांनी उचलली. तरीही त्या ५३ जणांची नावे तेथे कोठेच कोरलेली नव्हती. २०१० मध्ये छत्रीनजीक नवा शिलालेख बसवून ती कोरण्यात आली. दर वर्षी जून महिन्यात लोक पॅचमहून पायवाटेने टेकडी चढून येतात. मोटार तेथपर्यंत जात नाही. वर पोहोचल्यावर मागे हिरवे माळ, खाली शहर, आणि त्यापलीकडे ज्यात रक्षा सोडली तो समुद्र दिसतो.